फक्त कोड बदलेल

आमच्या घरी फोन आला तेव्हा मी पेढे वाटले होते. आज कुणाला सांगितलं तर हसतील, पण नाव नोंदवून सहा वर्षं झाल्यावर तो आला होता आणि साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत तो पहिलाच होता. मी त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं, खाली नवं स्टूल घेतलं, स्टुलावर भरतकाम केलेला रुमाल घातला. आमचे हे म्हणाले, "आता एक उदबत्ती तेवढी राहिली."

नंबर पाच आकडी होता. पुढून वाचा नाहीतर मागून वाचा, सारखाच. एकदा ऐकला की माणूस विसरत नसे. टेलिफोनच्या ऑफिसातल्या कुणीतरी ओळीनं वाटत असताना तो आमच्या वाट्याला आला एवढंच, पण मी असं वागायचे की जणू परीक्षेत पहिली येऊन मिळवला आहे.

महिन्याभरात तो नंबर आमचा राहिलाच नाही, गल्लीचा झाला. कुणाच्या लग्नपत्रिकेवर, कुणाच्या नोकरीच्या अर्जावर, कुणाच्या मुंबईतल्या भावाच्या डायरीत तो जाऊन बसला. पुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरं असायची. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, माणूस आमचा. बाहेरगावाहून कुणी फोन करायचं, मी "दहा मिनिटांनी परत करा" असं सांगून ठेवून द्यायचे आणि गॅलरीत जाऊन हाक मारायचे. वीस वर्षं शाळेत शिकवलेलं, आवाज सहज चौथ्या घरापर्यंत जाई. "माझं काय टेलिफोन एक्स्चेंज आहे का?" असं मी दिवसातून दोनदा म्हणायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. गल्लीत कुणाकडे पाळणा हलणार, कुणाची बदली झाली, कुणाचं कोण आजारी आहे, सगळं आधी मला कळायचं. माझ्या शब्दाला वजन होतं आणि ते वजन मला चढलंही होतं.

शेजारच्या दोन खोल्यांत एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक असलेल्या एका गृहस्थांचं कुटुंब राहायचं. मूळचे कुंडलचे. त्यांची थोरली मुलगी पाचवीपासून दहावीपर्यंत माझी विद्यार्थिनी. पुढे डी.एड. झाली आणि एका प्राथमिक शाळेत लागली. उंच, सावळी, बोलायला मोकळी. वर्गात हात वर करून प्रश्न विचारायची आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारायची. प्रश्न विचारणारी मुलं शिक्षकांना आवडतात असं आम्ही भाषणात सांगतो. तासाला सहन करणं वेगळं.

नव्वदीची मधली वर्षं होती. गणपतीत तिला बघायला पाहुणे आले. मुलगा पलूसच्या हायस्कुलात शिक्षक. तिची आई आदल्या दिवशी माझ्याकडे आली. "आवं बाई, तुमी बसा आमच्यात. आमच्या मालकाला पाव्हण्यांशी बोलाया येत न्हाई, नुसतं मान हालवत बसत्यात." मी काय, बोलावलंच नसतं तरी गेले असते.

पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या मामांनी नेहमीचे प्रश्न विचारले. मग कुणीतरी रीत म्हणून म्हणालं, "तुला काही विचारायचं असलं तर विचार." यावर मुलीनं खाली बघून मान हलवायची असते. आमच्या या पोरीनं विचारलं. "पलूसकडे बदली मिळायला वर्ष-दोन वर्षं लागतील. तोवर मी नोकरी सोडायची, की आपण वाट बघायची?"

तिच्या आईचा हात ट्रेवरच थांबला. मामा पंख्याकडे बघू लागले. मुलगा मात्र हसला आणि म्हणाला, "वाट बघू की."

निघताना मामांनी चप्पल घालता घालता सांगितलं, "आता पितर सुरू व्हत्याल. पंधरा दिवस असलं काय बोलायचं न्हाई. घट बसलं की फोन करतो." माहितीच्या कागदावर आमचा नंबर होताच, पी.पी. सकट.

संध्याकाळी ती जिन्यात भेटली. मी म्हटलं, "काय गं, पोह्यांपेक्षा प्रश्नच जास्त खारट झाला की." ती हसली नाही. "बाई, मला तिथं जायचंय," म्हणाली. "होकार आला तर फार बरं होईल." इतकं सरळ बोलणारी मुलगी मी त्या काळात दुसरी पाहिली नाही.

पितृपंधरवडा लागला आणि आमची बदली झाली. ह्यांची सांगलीला, सरकारी. माझी शाळा ज्या संस्थेची होती तिचीच एक शाळा सांगलीत होती, तिथं मला सामावून घेतलं. सामानसुमान, मुलांचे दाखले, गॅसची कागदपत्रं, सगळी धांदल. पण मी सगळ्यात आधी गेले ती टेलिफोनच्या ऑफिसात. सहा वर्षं वाट बघून मिळालेला फोन मी सोडणार नव्हते.

खिडकीतला माणूस चांगला होता. म्हणाला, "फोन ट्रान्सफर होतो बाई, तिकडं पुन्हा रांगेत उभं राहायला लागत नाही. इथून कागद जातो, तिथं जोडून देतात." मी विचारलं, "आणि नंबर?" तो पुढच्या माणसाचा अर्ज बघत म्हणाला, "ते तिकडं बघतील." मी पुन्हा विचारायला हवं होतं. पण मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं होतं. फोन जातो म्हणजे नंबरही जातो. माणूस बदलीवर गेला म्हणून त्याचं नाव बदलत नाही, असा दृष्टांतही मी घरी येईपर्यंत तयार केला.

तो दृष्टांत मी त्याच संध्याकाळी शेजारी जाऊन ऐकवला. "काही काळजी करू नका. नंबर तोच राहणार, फक्त कोड बदलेल. साताऱ्याऐवजी सांगलीचा लावायचा. त्यांचा फोन माझ्याकडे सांगलीला येईल, मी निरोप घेईन आणि लगेच तार करीन. उलट पलूस सांगलीला जवळ. मीच जाऊन पुढचं बोलून येईन, बघा."

तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, तुमच्यासारकं कोन करतंय?"

पोरगी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "पण बाई, सांगलीत तो नंबर आधीच कुणाचा तरी असेल ना? तिथंही पाच आकडीच नंबर आहेत."

मी तिच्याकडे बघितलं. दहावीच्या वर्गात बघायचे तसंच. "टेलिफोन ऑफिसात मी जाऊन आले की तू?"

आई तिच्यावर खेकसली, "बाईंस्नी उलट बोलतीस व्हय गं?" मग मीच पोस्टकार्ड मागवलं. मजकूर मी सांगितला आणि तिनं लिहिला. आमच्या शेजारच्या बाईंची सांगलीस बदली झाली असून फोनचा नंबर तोच आहे, कृपया सांगलीचा कोड लावावा. खाली तिनं तिच्या सुबक अक्षरात नंबर काढला. पत्ता मुलाच्या मामांचा. ते कार्ड मी स्वतः पेटीत टाकलं. तिची शंका बरोबर होती आणि तिचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, हे त्या क्षणीही मला कुठंतरी कळत होतं. पण विद्यार्थिनीसमोर "मी विचारून येते" म्हणणं मला जमलं नाही. एवढ्याशा गोष्टीनं पुढचं सगळं घडलं.

सांगलीत विश्रामबागेच्या पुढं एका नव्या इमारतीत आम्ही घर घेतलं. फोन मात्र झटपट आला, घट बसायच्या दोन दिवस आधी. लाइनमननं तार ओढली, डबा जोडला, रिसीव्हर कानाला लावून कुणाशी तरी बोलला आणि एका चिठोऱ्यावर आकडे लिहून मला दिले. "हा तुमचा नंबर."

मी म्हटलं, "हा नाही. आमचा नंबर वेगळा आहे."

"तो साताऱ्याचा, बाई. तो तिथंच राहिला. एक्स्चेंज बदललं की नंबर बदलतोय, त्यात काय!"

मी त्याच्याशी भांडले. फोन माझा, पैसे मी भरते, मग नंबर दुसरा का? बिचारा पाना हातात घेऊन उभा राहिला. शेवटी म्हणाला, "मावशी, तो नंबर इथं आडत दुकानाला हाय, बाजारात. त्यांचा काढून तुमाला देऊ का?"

मी खुर्चीत बसले. हातात अजून दोन दिवस होते. शेजाऱ्यांकडे फोन नव्हता, पण माझ्या जुन्या शाळेत होता. हेडमास्तरांना एक फोन केला असता तर शिपायाकरवी निरोप तासाभरात पोचला असता. तार करता आली असती. ते नाही तर एस.टी.त बसून मी पलूसला जाऊ शकत होते, तासाभराचा तर रस्ता. यातलं मी काहीही केलं नाही. शाळेत फोन करायचा म्हणजे सांगावं लागणार, की बाईंनी दिलेला नंबर चुकीचा होता. स्टाफरूममध्ये दोन दिवस त्याचीच चटणी झाली असती. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या मुलीला कळलं असतं की ती बरोबर होती आणि मी चूक. उद्या करू, परवा करू, असं म्हणत मी खोकी उघडत बसले. ह्यांनी एकदा विचारलं, "त्या मुलीच्या पाहुण्यांना कळवलंस का गं नंबर?" मी म्हटलं, "कळवते हो, मला काय तेवढंच काम आहे का?"

दसरा झाल्यावर मी साताऱ्याला कार्ड टाकलं. 'टेलिफोनवाल्यांनी ऐनवेळी नंबर बदलला आहे, नोंद घ्यावी.' माझ्या चुकीचा त्यात मागमूस नव्हता.

दिवाळीत साताऱ्याला गेले तेव्हा शेजारी डोकावले. मुलगी शाळेत होती. तिच्या आईनं लाडू पुढं केले आणि स्वतःच विषय काढला. "न्हाई आला फोन, बाई. तुमचं कार्ड आलं, ते बी त्यास्नी धाडलं, पर काय उत्तर न्हाई. कळवतो म्हनून कळवलं न्हाई म्हंजी न्हाईच की वो."

"तुम्ही विचारायचं ना जाऊन."

"पोरीकडच्यानं कसं इचारायचं? लय उतावीळ हायत म्हनत्याल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिनं त्वांड उगडलं ना त्या दिवशी, त्यानं मोडलं. मी सांगितलंय तिला, पुन्यांदा कुनी बगायला आलं तर शिवून घे त्वांड."

मी लाडू खाल्ला. मनात म्हटलं, त्यांना हवीच असती मुलगी तर पत्र टाकलं असतं. नंबराचं काय घेऊन बसलात! हा युक्तिवाद मला इतका सोयीचा होता की दीड वर्ष मी त्याच्यावर निवांत झोपले.

मग एका मे महिन्यात दहावीचे पेपर तपासायला सांगलीतल्या एका शाळेत आम्ही सगळ्या जिल्ह्याचे मास्तर जमलो होतो. चहाच्या सुट्टीत एक तरुण शिक्षक कप घेऊन माझ्यासमोर आला. "बाई, तुम्ही साताऱ्याला होता ना? मी तुम्हाला एकदा पाहिलंय. पोहे खायला आलो होतो." चेहरा मला ओळखू आला.

तो सहज बोलत होता. त्याला त्या गोष्टीचं आता काही नव्हतं. लग्न झालं होतं, एक मूल होतं. "घट बसल्या दिवशीच मामांनी फोन लावला. पसंती कळवायला. मुलीकडच्यांनी कार्डात लिहिला होता तोच नंबर, सांगलीचा कोड लावून. कुठल्यातरी आडत दुकानात लागला. म्हणे, इथं हळदीचा भाव सांगतो, मुलीचं काही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः लावला. अष्टमीला पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा त्या माणसानं आईबहिणीवरनं शिव्या घातल्या."

मी विचारलं, "मग पत्र का नाही टाकलंत?"

"मामा म्हणाले, माहितीच्या कागदावरचंच अक्षर हाय, पोरीनं आपल्या हातानं चुकीचा नंबर लिवून दिलाय. एवढी शिकलेली पोरगी आकडा चुकंल का? तिच्या मनात न्हाई, तोंडावर सांगवत न्हाई म्हणून असं केलं. त्यातनं मागनं दुसरा नंबर आला, तर ते म्हणाले, आता आईबापानं धाकदपटशा केला असणार. नको म्हणणाऱ्या पोरीला कशाला आणायची? मलाही तसंच वाटलं." त्यानं चहा संपवला. "पण खरं सांगू का बाई, मला ती आवडली होती. तो नोकरीचा प्रश्न विचारला ना तिनं, तेवढ्यावरच मी घरी जाताना एस.टी.त हो म्हणून टाकलं होतं."

तेव्हाही मी त्याला सांगितलं नाही की तो मजकूर माझा होता. घंटा झाली आणि मी गठ्ठा पुढं ओढला. त्या दिवशी मी तपासलेल्या पेपरांची मॉडरेटरनं फेरतपासणी करायला लावली.

घरी आल्यावर ठरवलं, रविवारी साताऱ्याला जायचं आणि तिला सगळं सांगायचं. तो रविवार गेला. मग निकाल, मग शाळा सुरू झाली, मग ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन. कारणांना काय तोटा? पत्रात लिहायला घेतलं तर पहिल्या ओळीतच पेन अडायचं. त्यातून मी स्वतःला असंही पटवलं, की तो मुलगा तर संसाराला लागला, आता सांगून तिच्या जखमेवर मीठ कशाला चोळा? ऐकायला हे किती दयाळू वाटतं. खरं एवढंच होतं, की मला तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती.

माघात तिची लग्नपत्रिका आली. मुलगा कोरेगावकडचा, विधुर, पहिली एक मुलगी. तिनं शाळेतली नोकरी सोडली असल्याचं ओळखीच्या बाईंकडून कळलं. लग्नाच्या दिवशीच आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी त्याचंही निमित्त केलं आणि गेले नाही. गेले ती बारा दिवसांनी, ती माहेरी आली आहे असं ऐकून. बॅगेत तिच्यासाठी साडी होती.

तिच्या आईनं तोंडभरून स्वागत केलं आणि चहाला आत गेली. आम्ही दोघी गॅलरीत बसलो. हातात हिरवा चुडा, अंगावर नवी साडी. ती पूर्वीसारखी आधी बोलली नाही. मी विचारेन तेवढ्याचं उत्तर देत होती. मग मी सगळं सांगितलं. टेलिफोनच्या खिडकीपासून आडत दुकानापर्यंत, मी दोन दिवस हातात असून काही केलं नाही इथपर्यंत. तीन फोन. पसंती. तिच्या प्रश्नावरच त्यानं हो म्हटलं होतं, तेही.

मला वाटलं, आता रडेल किंवा रागावेल. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे मी त्यांना नापसंत नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतीस गं."

"मला वाटत होतं, मी बोलले म्हणून." मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं, बाई?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. मी म्हटलं, "मे महिन्यात."

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. तिनं पदर सावरला.

"मी आत्ताच्या दिवाळीत कोरेगावला हो म्हटलं," ती म्हणाली. "त्याच्या आधी त्यांना दोनदा नाही म्हणून कळवलं होतं. नोकरी सोडायची अट होती ना. मग वाटलं, एकदा विचारून बघितलं तर तसं झालं, आता आपण कोण विचारणार?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिनं हात वर केला.

"आईला नका सांगू. तिला तुमचं फार कौतुक आहे," ती म्हणाली आणि आईच्या हातातला चहाचा ट्रे घ्यायला उठून आत गेली.